मार्करने जिंकलेली फ्रेम

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जळगावात स्नूकरचे टेबल असल्याचे मला माहीत नव्हते. मी तिथल्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि गुरुवारी सुट्टी असे. सकाळची एसटी धरून एरंडोल, पारोळामार्गे धुळ्याला जायचे, तिथल्या क्लबात भिंतीलगतच्या बाकावर बसून दुपारभर खेळ पाहायचा आणि संध्याकाळी परतायचे, असा क्रम काही वर्षे चालला. मी स्वतः क्यू, म्हणजे खेळायची काठी, कधी हातात धरला नाही.

क्लबात एकच टेबल होते आणि ते मार्करच्या ताब्यात असे. मार्कर म्हणजे चेंडू मांडणारा, गुण पुकारणारा, फाऊल झाला की सांगणारा नोकर. पावसाळ्यात टेबलावरचे हिरवे कापड दमट होऊन चेंडू जड चालत, तेव्हा तो त्यावरून एकाच दिशेने इस्त्री फिरवी. वय चाळिशीचे. जवळच्या खेड्यातून सायकलने यायचा. नोकरांनी खेळायचे नाही, असा क्लबाचा नियम होता. पण दुपारी दोन ते चार सभासद घरी झोपलेले असत आणि तेवढा वेळ तो एकटा खेळे. हे सर्वांना ठाऊक होते. कोणी बोलत नसे.

त्या वेळेला येणारे सभासद एकच, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांना सगळे नाना म्हणत. क्लबाची वार्षिक स्पर्धा बहुतेक तेच जिंकत. दुपारी ते मार्करला समोर उभे करून खेळत.

एका गुरुवारच्या फ्रेममध्ये, म्हणजे डावात, मार्कर सुरुवातीपासूनच पुढे होता.

"काय रे, आज इस्त्री तुझ्या बाजूनं फिरवलीस काय?" नाना म्हणाले.

"कापड एकच शे, नाना. तुमना चेंडू बी त्यावरच चालस."

शेवटचा काळा चेंडू त्याने टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून पॉकेटमध्ये घातला. ६८ विरुद्ध ४३. नाना हसले. "गुण तूच पुकार आता, माझ्या तोंडून निघायचे नाहीत."

मी निघालो तेव्हा मार्कर फाटकापर्यंत आला.

"भाऊ, हाई पेपरमा टाकू नका."

"नाव नाही टाकणार," मी म्हटले.

तो आत गेला. त्याने फक्त नावाबद्दल सांगितले नव्हते, हे मला तेव्हाही कळले होते.

आमच्या क्रीडा पानावर क्रिकेट, कबड्डी आणि कुस्ती यांपुढे काही जात नसे. स्नूकरची एक तरी ओळ छापून यावी, असे मला फार दिवसांपासून वाटत होते. दुसऱ्या दिवशी पानाच्या तळाशी चार ओळींची जागा रिकामी राहिली. धुळ्याच्या क्लबात मार्करने स्पर्धेच्या विजेत्याला नमवले, असे मी लिहिले आणि गुण दिले. नाव कोणाचेच दिले नाही. शब्द पाळला, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्या क्लबात मार्कर एकच होता आणि विजेताही एकच.

पुढच्या गुरुवारी क्यू ठेवायच्या फळीशेजारी टंकलिखित सूचना लावलेली होती: नोकरांनी टेबलावर खेळू नये. खाली चिटणीसांची सही. मार्कर गुणफलकापाशी उभा होता. "या भाऊ, बसा," एवढेच म्हणाला.

मी चिटणीसांना भेटतो, असे नानांना सांगितले.

"काय सांगणार? बातमी खोटी होती म्हणून?"

"खोटी नव्हती."

"मग झालं तर. बाजारात चार जणांनी विचारलं, नाना, नोकराकडून हरलात म्हणे. मी हो म्हटलं. त्याचं मला काही नाही." त्यांनी क्यू फळीत ठेवला. "पण आता दुपारी मी खेळू कोणाशी?"

तरीही मी चिटणीसांना भेटलो. नियम जुनाच आहे, असे ते म्हणाले, आणि ते बरोबर होते. नाना दुपारचे यायचे थांबले. मार्कर दोन ते चार कापडावर ब्रश फिरवून बसून राही. नंतर माझेही जाणे कमी झाले.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर जळगावात एक स्नूकर पार्लर निघाले. मी मार्करला निरोप पाठवला. तो पांढरा धुतलेला सदरा घालून आला. मी तासाभरासाठी टेबल घेतले. मधल्या पॉकेटसमोर सरळ लाल चेंडू होता. त्याने मारलेला तो चेंडू कडेला आपटून परत आला. दुसरा त्याहून सोपा होता, तोही गेला नाही. तिसऱ्यासाठी तो वाकला आणि न मारताच सरळ झाला.

"आते हात राह्यना नही, भाऊ."

शेजारच्या टेबलावर कॉलेजच्या दोघांचा फाऊलवरून वाद चालला होता. त्याने तिकडे पाहिले, चेंडूला क्यू दोनदा लागला असे सांगितले आणि गुण पुकारले. त्यांनी ते मान्य केले. पुढचा फटका झाल्यावर त्याने पुन्हा गुण पुकारले. धुळ्याच्या बसची वेळ होईपर्यंत तो त्यांच्याच टेबलापाशी उभा होता. आमच्या टेबलावरचे चेंडू तसेच पडून राहिले. त्याला पुन्हा खेळा म्हणण्याचे माझ्याच्याने झाले नाही.