ताईची सोन्याची इंजेक्शनं

ताईला सासरहून आणून सोडलं तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती आणि तिला स्वतःचा अंबाडा घालता येत नव्हता. महायुद्ध संपून वर्ष झालं असेल. पाथर्डीकडून येणारी सर्व्हिस मोटार नगरला माळीवाड्याशी थांबली. आधी मेहुणे उतरले, मग त्यांनी तिची ट्रंक उतरवली आणि शेवटी दोन्ही दंडांना धरून तिला. अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि मी तिला घ्यायला गेलो होतो. मी मोटारीत पुन्हा एकदा डोकावून पाहिलं. मला वाटलं, तिची दोन वर्षांची लेक आत बाकावर झोपली असेल.

"आणि पोर?" अण्णांनी विचारलं.

"ती आईपाशी राहील," मेहुणे म्हणाले. "हिला स्वतःचा पदर सावरत नाही, तिला कशी सावरणार? हात बरे झाले की मी न्यायला येतो."

मेहुणे वाईट नव्हते. त्यांच्या गावात पाणी खोल, दोर लांब. पहाटे बाजरी दळायची, मग आडावर जायचं, मग दहा माणसांच्या भाकऱ्या. लेक झाल्यावर चार महिन्यांतच ताईची बोटं सुजली. मग मनगटं, मग गुडघे. सकाळी उठल्यावर दोन-दोन तास मुठी उघडायच्या नाहीत. एकदा दोर हातातून सुटला आणि घागर आडात गेली. सासूने तेव्हा काही म्हटलं नाही. दुसऱ्यांदा गेली तेव्हा म्हटलं.

आमची आई दोन वर्षांपूर्वी वारली होती. अण्णा कचेरीत कारकून. मी सतरा वर्षांची, मॅट्रिकच्या वर्गात. घरात आम्ही तिघंच. ताईची वेणी मी घालायची, तिच्या चोळीच्या गाठी मी बांधायची, ताट पुढे केलं की घास मी कालवून द्यायची. ती कधी कण्हली नाही. फक्त लेकीचं झबलं उशाखाली ठेवायची आणि मी झोपले असं समजून ते तोंडावर धरायची.

आधी वर्षभर पातळ औषध झालं. त्याने दुखणं थोडं उतरायचं, पण कानात सारखी घूं घूं व्हायची. मी हाक मारली तरी तिला ऐकू यायची नाही. पोटात आग पडायची. एकदा शौचाला काळं झालं आणि ती घेरी येऊन मोरीतच बसली. तेव्हा अण्णा तिला नव्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. हे डॉक्टर युद्धात लष्करात होते, तिथून परत येऊन त्यांनी नगरला दवाखाना थाटला होता. त्यांनी ताईची बोटं एकेक करून दाबून पाहिली आणि म्हणाले, "सोन्याची इंजेक्शनं देऊन बघू."

गल्लीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. बायका म्हणायच्या, "बाई, तू तर सोनं अंगाच्या आत घालतेस!" ताई हसायची. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, सोनं ते, त्याने काय वाईट व्हायचंय?

डॉक्टरांनी मात्र पहिल्याच दिवशी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं. "हा दागिना नव्हे, औषध आहे. गुण येतो तसा घातही करतं. अंगाला खाज सुटली, तोंड आलं, जुलाब लागले, कातडीवर निळे डाग दिसले, तर लपवायचं नाही. दर आठवड्याला सकाळची लघवी बाटलीत आणायची. मूत्रपिंडं बिघडायला लागली तर ती उकळल्यावर गढूळ होते; ते बघितल्याशिवाय मी सुई टोचणार नाही. एकूण वीस घ्यायची आहेत. लगेच गुण येणार नाही, धीर धरा."

दर बुधवारी आम्ही दोघी जायचो. बाटली पिशवीत, वर टॉवेल. डॉक्टर ती काचेच्या नळीत ओतायचे, स्पिरिटच्या दिव्यावर नळीचं वरचं टोक धरायचे, त्यात ॲसिडचे दोन थेंब टाकायचे आणि नळी खिडकीच्या उजेडात धरायचे. स्वच्छ असली की मान हलवायचे. मग कंपाउंडर पडदा ओढायचा.

आठव्या इंजेक्शनापर्यंत काहीच झालं नाही. नवव्या आठवड्यात एका सकाळी मी चुलीपाशी होते. मागून ताई आली आणि माझ्या केसांना हात लावला. "बस," म्हणाली. तिने माझी वेणी घातली. सैल झाली, मधेच एक पेड सुटला, पण वेणी घातली. मी वळून पाहिलं तर ती आपल्या बोटांकडे असं बघत होती, जणू ती दुसऱ्या कुणाची तरी होती.

त्या बुधवारी कंपाउंडरने तिचे हात पाहिले आणि म्हणाला, "ताई, लई फरक हाय की! आता धुणं बी धुवाल तुमी." अण्णांनी त्याच दिवशी मेहुण्यांना पत्र टाकलं. उत्तर आलं, संक्रांत झाली की न्यायला येतो.

दहावं इंजेक्शन झालं. अकराव्या आठवड्यात डॉक्टरांनी नळी उजेडात धरली, पुन्हा धरली आणि कपाळाला आठी घातली. "किंचित गढूळ दिसतंय. आज नको. पुढच्या बुधवारी बघू. पुन्हा असंच निघालं तर औषध बंद."

"बंद म्हणजे किती दिवस?" ताईने विचारलं.

"बंद म्हणजे कायमचं."

घरी येताना रिकामी बाटली तिने पिशवीत ठेवू दिली नाही, हातातच धरली.

पुढच्या बुधवारी सकाळी तिने मला मोरीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. हातात बाटली होती. "तुझी भरून दे," ती म्हणाली.

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी म्हटलं, "ताई, वेड लागलंय का तुला? डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"डॉक्टरांना पोर आहे, ती त्यांच्या घरी आहे," ती म्हणाली. "माझी तिकडे सासूला आई म्हणते. मागच्या खेपेला आले तेव्हा तुझे मेहुणे सांगत होते, हसत हसत. दहाच राहिलीत. दहा झाली की मी सोडते. तुझ्या पाया पडते."

आणि ती खरंच वाकली. तिचे गुडघे तेव्हा वाकायला लागले होते. हेच मला सहन झालं नाही. मी बाटली घेतली.

दवाखान्यात डॉक्टरांनी माझीच लघवी दिव्यावर धरली. मी खिडकीकडे बघत राहिले. "छान! अगदी स्वच्छ," ते म्हणाले. "मागच्या वेळी काहीतरी चूक झाली असेल." ताईने पडद्याआड जाताना माझ्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही.

असं चार वेळा झालं. मधे एका आठवड्याला मी बाहेरची होते, म्हणून बाटली भरता येईना. तेव्हा ताईने अण्णांना ताप असल्याचं निमित्त काढलं आणि आम्ही गेलोच नाही. दर मंगळवारी मी ठरवायची, उद्या नाही द्यायची. दर बुधवारी ती स्वतः पाणी तापवायची, बंब पेटवायची, अण्णांचं धोतर पिळून दोरीवर टाकायची आणि मग बाटली घेऊन माझ्यापुढे उभी राहायची. नुसती उभी राहायची.

संक्रांतीनंतर मेहुणे येऊन गेले. ताईने त्यांच्यादेखत रहाटावरून दोन बादल्या पाणी काढलं, पोळ्या लाटल्या. ते मला म्हणाले, "तुमच्या डॉक्टरांना दंडवत घालायला हवा." पुढच्या शुक्रवारी लेकीला घेऊन येतो, म्हणाले, आणि दोघींना बरोबरच नेतो.

ते गेले त्याच रात्री मी तिच्या कमरेवरचं लाल रखरखीत पुरळ पाहिलं. ती खोबरेल चोळत होती. "घामोळं आहे," म्हणाली. माघ महिन्यात घामोळं! मग लक्षात आलं, तिने आठ दिवस तिखट खाल्लं नव्हतं. दात दुखतो म्हणून नुसता दूधभात खात होती. मी तिला दिव्याजवळ तोंड उघडायला लावलं. जीभ आणि गाल आतून पांढऱ्या फोडांनी भरले होते. सकाळी तिचे डोळे सुजलेले असायचे, ते मला रडण्याने वाटायचे. आता मी तिचे पाय पाहिले. जोडवी बोटांच्या मांसात रुतली होती. घोट्यावर अंगठा दाबला तर खळगा पडला आणि तसाच राहिला.

"ताई, पुरे आता," मी म्हटलं.

"शुक्रवारपर्यंत," ती म्हणाली. "ह्या बुधवारचं एक होऊ दे. पोर एकदा माझ्या मांडीवर आली की मग तू सांग कुणाला सांगायचं ते."

बुधवारी मी बाटली भरून दिली. पाचव्यांदा. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, की सगळं दिसल्यावरही मी ती भरून दिली.

दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टर घाईत होते. त्यांनी ताईला "ठीक आहे ना सगळं?" असं विचारलं आणि तिच्या "हो"ची वाट न पाहता दिवा पेटवला. तिने पदर गालापर्यंत ओढून घेतला होता. नळी दिव्यावर गेली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "डॉक्टर, ती माझी आहे."

"काय तुझी आहे?"

"लघवी. माझी आहे. चार वेळा माझीच होती."

"काहीतरीच बरळते आहे," ताई म्हणाली.

डॉक्टरांनी नळी खाली ठेवली. बाहेरच्या माणसांना थांबायला सांगून दार लावलं. मग ताईच्या हातात दुसरी बाटली दिली आणि म्हणाले, "आत जा." ती जागची हलेना. "आत जा," ते पुन्हा म्हणाले, या वेळी मोठ्याने.

ती बाटली भरून घेऊन आली. तिची नळी तापली आणि त्यातलं सगळं दह्यासारखं घट्ट पांढरं झालं. डॉक्टरांनी नळी माझ्या तोंडासमोर धरली. मला वाटलं, आता मारतील. त्यांनी ताईचा पदर बाजूला केला, तोंड उघडायला लावलं, पायांवर बोट दाबलं. मग खुर्चीवर बसले. "मी हे दर आठवड्याला बघायला हवं होतं," ते म्हणाले. "नळी स्वच्छ होती म्हणून मी माणूस बघितलं नाही." नंतर माझ्याकडे वळले आणि माझ्यावर असे ओरडले की बाहेरची कुजबुज थांबली. काय काय म्हणाले ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं, "तू हिचा जीव घेतला असतास."

ताईला कशाचंच भान नव्हतं. ती एकच म्हणत होती, "सहाच राहिली होती. डॉक्टर, सहाच."

शुक्रवारी मेहुणे लेकीला घेऊन आले. ताईचं तोंड एवढं सुजलं होतं की डोळ्यांच्या फटी राहिल्या होत्या. पोर दारातच थांबली, तिने एकदा पाहिलं आणि किंचाळून बापाच्या धोतरात तोंड खुपसलं. ताई भिंतीकडे वळली. मेहुण्यांनी चहा घेतला, अण्णांशी हळू आवाजात बोलले आणि उठले. "बरं वाटलं की कळवा," म्हणाले. मी गल्लीच्या तोंडापर्यंत त्यांच्यामागे गेले. पोर त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती.

पुढचे सात-आठ महिने ताई अंथरुणावर होती. मीठ बंद. रोज सकाळी डॉक्टर स्वतः घरी यायचे, ते घरात असतानाच बाटली भरायची. मधे पंधरा दिवस असे गेले की अण्णांनी कचेरीतून रजा घेतली आणि उंबऱ्यात बसून राहिले. मग सूज हळूहळू उतरली. वर्षाने नळी स्वच्छ निघाली. डॉक्टर म्हणाले, नशीब म्हणायचं. अण्णांना ताप असल्याची थाप मारून एक आठवडा चुकवला होता, तेवढंही औषध कमी गेलं म्हणून कदाचित. त्यांच्या दवाखान्यात तोवर मागच्या बाजूला एक लहानशी खोली झाली होती. बाटली घरून आणलेली चालत नसे.

सोनं थांबलं तशी बोटं पुन्हा वळली. या वेळी ती उघडली नाहीत.

ताई त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मी वेणी घालायची, घास भरवायची, ती तोंड उघडायची आणि भिंतीकडे बघायची. पहिल्यांदा बोलली तेव्हा मी तिला लापशी भरवत होते.

"तू बाटली दिलीस म्हणून मी तुझ्यावर रागावले, असं वाटतं ना तुला?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

"नाही. सांगायला दोन दिवस थांबली असतीस तर ती माझ्या मांडीवर बसली असती."

मी म्हटलं, "तू मेली असतीस, ताई."

"हो," ती म्हणाली. मग तोंड उघडलं, आणि मी पुढचा घास दिला.