आईचा बांगडा आणि माझे लिपिड्स

माझ्याइतका शिकलेला गाढव अख्ख्या नवीन पनवेलमध्ये दुसरा सापडायचा नाही. का ते सांगतो, चहा घ्या तोवर. हसायचं असेल तर मात्र सुरुवातीलाच हसून घ्या!

मी अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवतो. लिपिड्स हा तर हातखंडा विषय. "पोरांनो, चरबीला शिव्या देऊ नका! पेशीपेशीचं आवरण तिचंच. कितीतरी हार्मोन्स कोलेस्टेरॉलपासून बनतात. थंडीत ऊब तिची, उपाशीपोटी ताकद तिची, किडनीभोवतीची मऊ गादीही तिचीच. आणि ए, डी, ई, के ही व्हिटॅमिन्स? जेवणात स्निग्ध काही नसेल तर नीट अंगी लागत नाहीत!" पोरं माना डोलावतात.

आता माझ्या घरी या. उरणहून आईला आमच्याकडे आणलं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची कोळीण, जन्मभर बाजारात बसून म्हावरं विकलेली. तिचं रक्त तपासलं, कोलेस्टेरॉल किंचित जास्त निघालं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "तळलेलं जरा कमी करा."

कमी? मी काय कमी करून थांबणारा माणूस आहे होय? तेलाचा डबा थेट माळ्यावर! तूप बंद, खोबरं बंद, शेंगदाणे बंद. आणि बांगडा? तो तर तेलकट मासा. तोही बंद!

"अरं बाला, कालवनाचा तरी दे. तलू नको," आई म्हणाली.

"आई, रिपोर्ट बघितलास का?"

"मना कुठं वाचता येतंय?"

बायको म्हणाली, "अहो, एखादा तुकडा द्या त्यांना." मी तिलाही सरांच्या आवाजात गप्प केलं.

मग मोबाइलवर वाचलं, म्हातारपणी ओमेगा थ्री हवं. धावत जाऊन माशाच्या तेलाच्या गोळ्या आणल्या! येतंय का लक्षात? कोळणीच्या ताटातला मासा काढून घेतला, आणि बाटलीतून तिला माशाचं तेल दिलं.

आईनं गोळी नाकाशी धरली. "अगो बाय, याला बांगड्याचा वास हाय!" तिचा चेहरा असा फुलला, की मला वाटलं औषध लागू पडलं.

रोज उकडलेला दुधी, कोरडी भाकरी आणि एक गोळी. "घेतलीस का?" "घेतली रं." हळूहळू तिचा ब्लाउज खांद्यावरून ओघळायला लागला. मे महिन्यात गोधडी मागायची. पनवेलच्या मे महिन्यात, हो! आणि मी खूश, वजन उतरतंय म्हणून. त्याच सुमारास आमच्या जिन्यातलं मरतुकडं मांजर तुकतुकीत दिसायला लागलं. त्याचंही मला काही वाटलं नाही.

एका सकाळी आई मोरीत भिंत धरून खाली बसली. दवाखान्यात नेलं.

"काय खातात?" डॉक्टरांनी विचारलं.

"तेलाचा एक थेंब नाही!" मी छाती फुगवून सांगितलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "सर, तुम्ही काय शिकवता म्हणालात?"

"बायोलॉजी."

"मग या वयात आईला असं वाळवलंत? अहो, बांगडा द्या त्यांना! चांगला असतो तो."

खाली मान घालून बाजारात गेलो. बायकोनं कालवण केलं. आईनं एक घास घेतला, डोळे मिटून कितीतरी वेळ चघळत राहिली. मग ताट सरकवलं.

"झ्याक झालाय. पन आता जात नाय रं. मांजराला घाल."

"आणि तुझ्या गोळ्या?"

"त्या पन त्यालाच घालायची मी. पोटच्या पोराला वाईट वाटंल, म्हणून बोलले नाय. मना नाय तं नाय, त्याला तरी म्हावरं मिलू दे."

तीन आठवड्यांनी आई गेली. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, मनाला लावून घेऊ नका. नाही कसं लावून घेणार हो? जन्मभर दुसऱ्यांना म्हावरं तोलून दिलं तिनं, आणि शेवटी तिच्याच पोरानं तिला ते मागायला लावलं. वर नाहीही म्हटलं.

ते मांजर अजून रोज दाराशी येतं. मी स्वतः बांगडा आणतो, काटे काढून घालतो. परवा बायको म्हणाली, "बघा, अंगावर कशी चकाकी आलीय."

खरंय तिचं. वीस वर्षं मी लिपिड्स शिकवतोय. अंगी लागले ते एकट्या त्या मांजराच्या.