तारलीचं पोट

गेल्या महिन्यात एका रविवारी अंधेरीच्या मासळीबाजारात गेलो, तर चांगुणामावशीच्या जागी तिची सून बसलेली. मी सवयीने तोंड उघडलं, "काय गं, म्हातारीने आज दांडी मारली?" सुनेने बांगड्यावरचा हात काढला. "मास्तर, आई गेली. बुधवारी. झोपेतच..." माझ्या आजवरच्या चुकांमध्ये हे वाक्य बऱ्यापैकी वरच्या नंबरावर आहे. महिना झाला, अजून आठवलं की कान गरम होतात.

मावशी वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. वीस वर्षं मी तिच्याकडून मासे घेतले आणि वीस वर्षं तिने मला मासे न कळणारा मास्तर म्हणूनच वागवलं. "डोले काय बघता, लगीन करायचंय का तिच्याशी? पोट बघा!" मी कॉलेजात जीवरसायन शिकवतो. ट्रिप्सिन हे प्रथिनं पचवणारं विकर स्वादुपिंडात निद्रिस्त रूपात तयार होतं आणि आतड्यात पोचल्यावरच जागं होतं, हे मी इतकी वर्षं सांगतोय की वर्गही निद्रिस्त होतो. गेल्या वर्षी पित्ताच्या एका खड्यापायी ते माझ्याच स्वादुपिंडात, भलत्या ठिकाणी जागं झालं. पोटात कळ उठली, पाठीपर्यंत गेली. हीच लक्षणं मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. आणि स्वतःचं निदान काय केलं? गॅस! सोडा प्यायलो, वर बायकोला न सांगता दोन बटाटेवडे खाल्ले. संध्याकाळी ॲम्ब्युलन्स.

डॉक्टर म्हणाले, "ग्रंथी स्वतःलाच पचवतेय. पुढचे दोन-तीन दिवस महत्त्वाचे." पुढचं सगळं मला पाठ होतं, तेच वाईट. परत वर्गात उभा राहीन का, एवढंच डोक्यात... तोंडाने काही नाही, फक्त सलाइन. तिसऱ्या दिवशी कळ जरा उतरली, तशी माझी अक्कलही उतरली. मावशीला चोरून फोन केला, "कालवणाचा डबा आण. नर्सला कळू देऊ नकोस." मावशी आली. ऐटीत डबा उघडला. आत काही नाही, घासून लख्ख केलेला.

"हे काय?"

"तुमचं जेवण. मास्तर, खाऊन तट्ट फुगलेली तारली जाल्यात गावली आन् तशीच ठेवली, तर तिच्या पोटातला रस तिलाच खातो. पोट फुटतं. म्हणून आमी काय करतो? पोट मोकलं, अंग बर्फात. मंग ती टिकते. डॉक्टर तुमाला तेच करतोय ना? मंग गप पडून रावा."

मी हसलो. हसताना दुखलं, पण तीन दिवसांत पहिल्यांदा वाटलं, टिकू आपण. टिकलो. पुढे पित्ताशय काढलं आणि कॉलेज उघडल्यावर खडूही हातात घेतला.

मागच्या आठवड्यात ट्रिप्सिनचा तास आला. सुनेकडून पोट भरलेल्या दोन तारल्या घेतल्या. एक साफ करून बर्फात, दुसरी सकाळपासून तशीच प्रयोगशाळेच्या टेबलावर. दुपारी दुसरीचं पोट फाटलेलं. मुलं नाक दाबून पुढे झुकली होती, एकाचाही डोळा मिटलेला नव्हता. मागून एका मुलीने विचारलं, "सर, हा प्रयोग कोणाचा?"

मी फळ्यावर मावशीचं पूर्ण नाव लिहिलं. मुलांनी वहीत उतरवून घेतलं.

प्राचार्यांचा निरोप आलाय, वास जाईपर्यंत प्रयोगशाळेच्या सगळ्या खिडक्या उघड्या ठेवा... मी एकच उघडलीय.