ताईसाठी बेतलेलं टेबल

ताई जमिनीवर बसून गोधड्या बेतायची. टीपॉय भिंतीला सरकवायची, फरशी पुसून तिच्यावर जुनी चादर अंथरायची आणि एक पाय मुडपून, दुसरा लांब सोडून तासन्‌तास कात्री चालवायची. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झाली. लग्न केलं नाही. माझी बायको गेली तेव्हा पाणीगेटची भाड्याची खोली सोडून रावपुऱ्यात माझ्याकडे राहायला आली. आम्ही दोघंच घरात. सकाळचा चहा मी करायचा, संध्याकाळची भाकरी तिनं.

बायकोच्या साड्या दोन वर्षं कपाटातच होत्या. तिसऱ्या वर्षी मी ते कपाट उघडलं. नेसण्यातल्या अकरा साड्या काढून ताईसमोर ठेवल्या आणि म्हणालो, "यांची एक गोधडी करशील?"

ताईनं सगळ्यात वरची साडी मांडीवर घेतली. घडीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "करीन रे. पण मला आता खाली बसवत नाही. कंबर धरते."

एवढंच ना, असं मला वाटलं. मी विम्याच्या कचेरीत नोकरी केलेला माणूस. अडचण समोर आली की कागद घेऊन बसायची सवय. ताईला भिंतीला टेकून उभं केलं, तिचा हात कोपरात वाकवायला लावला आणि फरशीपासून कोपरापर्यंत टेप लावला. कोपराच्या चार बोटं खाली टेबलाचा पृष्ठभाग यायला हवा, म्हणजे खांदे उचलावे लागत नाहीत आणि पाठही वाकत नाही. हे मला आमच्या गल्लीतल्या शिंप्यानं सांगितलं होतं. लांबी सहा फूट, रुंदी तीन. टेबल भिंतीला चिकटवायचं नाही, दोन्ही बाजूंनी फिरता आलं पाहिजे. माप घेताना ताई हसत होती. "लग्नाचा ब्लाउज शिवतोयस का माझा?"

सुतारानं माप बघून गुजरातीत विचारलं, "काका, आटलुं ऊंचुं? ऊभा ऊभा जमवानुं छे?"

"जेवायला नाही रे, कापड कापायला," मी म्हटलं.

टेबल झालं. वर मी मुद्दाम चमक नसलेला फिकट राखाडी सनमायका लावून घेतला. ताईच्या पायाखाली जाड रबरी चटई टाकली, कारण फरशीवर फार वेळ उभं राहिलं की टाचा दुखतात. बाजूला कात्रीसाठी आणि टेपसाठी हुक. दिवा डावीकडे, म्हणजे कापणाऱ्या हाताची सावली कापडावर पडणार नाही. शेवटी दोन दिवस बसून मी टेबलावर पक्क्या शाईच्या पेननं दर दोन इंचांवर उभ्याआडव्या रेघा आखल्या. कापड त्यावर पसरलं की माप घ्यायलाच नको. इतक्या वर्षांत एवढ्या हौसेनं मी काही केलं नव्हतं.

ताई आली, चटईवर उभी राहिली, दोन्ही तळवे टेबलावर टेकले. "उंची अगदी बरोबर आहे," म्हणाली. मग मान थोडी तिरकी करून खाली बघितलं. "रेघा मात्र वाकड्या आल्यात."

मला राग आला. मी लोखंडी पट्टी आणून एकेका रेघेला लावून दाखवली. "बघ. कुठे वाकडी आहे?"

"इथे. मधे. पोट आलंय तिला."

"ताई, पट्टीला चिकटून आहे रेघ!"

पट्टीवर तिनं बोट फिरवलं, रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तिचा चेहरा उतरला. तिला तेव्हा कळलं होतं. मला नाही. मला वाटलं, सत्तरी उलटल्यावर माणसं हट्टी होतात.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिनं स्वतःहून सांगितलं. डाव्या डोळ्यानं मधलं काही दिसत नाही. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. होऊन वर्ष झालं असेल. म्हणूनच ती मान तिरकी करून बघायची, आणि मी समजत होतो की मान आखडली आहे. "उजवा चांगला होता रे," ती म्हणाली. "काल त्या रेघा बघून कळलं, तोही चाललाय."

"मग वर्षभर बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? बोलले असते तर तू डॉक्टरांकडे नेलं असतंस, आणि त्यांनी कात्री काढून घेतली असती."

डॉक्टरांनी तिला एक कागद दाखवला. त्यावर बारीक चौकोन होते, अगदी आमच्या टेबलावर होते तसेच. ताई त्याकडे बघून नुसती मान हलवत होती. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो, असं त्यांनी समजावलं. डावा डोळा गेलेला होता. उजव्यात इंजेक्शनं देऊन बघू, लवकर आला असतात तर जास्त काही करता आलं असतं. शेवटचं वाक्य ते माझ्याकडे बघून बोलले. तिच्यासोबत एका घरात राहणारा मीच होतो.

इंजेक्शनं झाली. फरक पडला नाही. ताई मात्र घाई करू लागली. "जेवढं दिसतंय तेवढ्यात कापून घेते. शिवण काय, बोटांनीही जमते." मी नको म्हटलं नाही. ते तिच्यासाठी होतं की माझ्या गोधडीसाठी, हे अजून मला नीट सांगता येत नाही.

तीन आठवडे ती रोज सकाळी टेबलापाशी उभी राहायची. कंबर दुखत नव्हती, टाचा दुखत नव्हत्या, खांदे ताठले नाहीत. टेबल उत्तम होतं. साडी पसरायची, पुठ्ठ्याचा साचा ठेवून खडूनं रेघ ओढायची आणि कापायची. बायकोची जांभळी साडी गेली, मग लिंबू रंगाची, मग बायको नोकरीवर नेसून जायची ती निळ्या काठाची. मी खुर्चीवर बसून बघत होतो. कात्री खडूच्या रेघेवरून खाली घसरायची, पुन्हा वर यायची. चौकोनांच्या बाजू कुठे दोन बोटं जास्त, कुठे कमी.

एकदा तिनं विचारलं, "बरे होतायत ना?"

"छान होतायत."

तिनं वरचे दोन तुकडे उचलले, एकावर एक ठेवले आणि कडेवरून अंगठा फिरवला. "शाळेत असं कापलेलं आणलं असतं ना कुणी..." ती म्हणाली. तुकडे खाली ठेवून तिनं पुढची साडी मागितली. मी दिली. अकराव्या साडीपर्यंत आम्ही दोघंही तसंच करत राहिलो.

दिवाळीच्या आत उजवा डोळाही गेला. उजेड कळतो, दार कुठे आहे ते कळतं, बाकी काही नाही. बोटांनी शिवून बघितलं तिनं. तुकड्याला तुकडा जुळेना, सुई हातात रुतायची. पादरा गावाहून रजया शिवायला येणाऱ्या एका बाईंना मी गाठोडं दाखवलं. त्यांनी पाच-सहा तुकडे टेबलावर मांडले, सरकवून बघितले. "काका, बसणार नाही हे. सगळे पुन्हा कापायला लागतील, आणि मग उरणार काय? रुमालाएवढे."

ताई आतून ऐकत होती. बाई गेल्यावर म्हणाली, "तुझ्या बायकोच्या साड्या मी वाया घालवल्या."

"तसं नको म्हणू," मी म्हटलं. पण ती बोलली ते खरं होतं, हे दोघांनाही माहीत होतं. आता ना साड्या उरल्या होत्या, ना गोधडी झाली होती.

सुताराला विचारलं, टेबल परत घेतोस का. एवढ्या उंचीचं कोण घेणार, म्हणाला. ते खोलीच्या मधोमध आहे तिथेच आहे. ताई भिंत धरून चालते, तेव्हा तिला ते लागू नये म्हणून मी कोपऱ्यांना फोम चिकटवला आहे. तिच्या गोळ्या मी तिथेच उभा राहून सकाळ-दुपार-संध्याकाळच्या डब्यांत भरतो. उंची खरंच बरोबर आहे, माझी पाठ दुखत नाही.

"काय करतोयस?" ती आतून विचारते.

"काही नाही," टेबलाचं नाव न काढता मी सांगतो. ती पुन्हा विचारत नाही.