ताटाएवढी भाकरी

त्या मे महिन्यात मी मावशींची भाकरी ताटात ठेवून मोजली. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं कुणाला माझी कीव यायला नको.

धाराशिवला आम्ही आठ मुली तीन खोल्यांत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचो. समोरच्या बोळात पत्र्याच्या एका खोलीत मावशी एकट्याच राहायच्या. दोन्ही वेळा आम्ही त्यांच्या दारात, वर बांधलेल्या पोत्यांच्या सावलीला, पंगतीनं जेवायचो. सिलिंडर परवडेना तेव्हा त्यांनी चूल मांडली. वर तापलेला पत्रा, खाली जाळ. त्या दोन्हींच्या मधे बसून मावशी एका वेळेला सोळा भाकऱ्या थापायच्या. उठल्या की लुगडं पाठीला चिकटलेलं असायचं आणि हातावरच्या घामाला पीठ लागून खपल्या धरलेल्या असायच्या. आमच्याकडून घ्यायचे पैसे मात्र त्यांनी दोन वर्षांत वाढवले नव्हते.

आधी भाकरी ताटाच्या काठाला टेकायची. एप्रिल सरता सरता भाकरीभोवती स्टील दिसायला लागलं.

मी पत्रकांवर वाढलेली. वडील लोहाऱ्यात मास्तर. शाळा सुटली की ते पाण्यासाठी, रेशनसाठी, एसटीसाठी पत्रकं लिहायचे. त्या कागदांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. त्यांचा नियम होता, पत्रकात तीनच गोष्टी हव्यात: कोण लुबाडतंय, किती लुबाडतंय आणि आपण काय करायचं.

मी माझं ताट नेलं, भाकरी मधोमध ठेवली आणि बोटं लावली.

"मावशी, दोन बोटं कमी आहे."

"व्हय? उन्हानं आटली आसंल."

मुली खिदळल्या. एक म्हणाली, "मावशी, मग माझ्यावर जरा ऊन पडू द्या, मला पण आटायचंय." मावशीही हसल्या. मी हसले नाही. अन्यायावर हसायचं नसतं, असं माझ्या घरात शिकवलं होतं.

त्याच दुपारी मी पत्रक लिहिलं, आठ झेरॉक्स काढल्या, मुलींना वाटल्या आणि मूळ कागद मावशींच्या दाराला चिकटवला.

संध्याकाळी मावशी पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या. "कागद कसला गं हा? नगरपालिकेचा हाय का? पत्रा काढा म्हणत्यात का काय? वाच की बाई, मला कुठं येतंय वाचाया."

मुली खाली बघायला लागल्या. काहीतरी बनवून सांगता आलं असतं. पण लिहिलेलं गाळणं म्हणजे खोटं बोलणं, अशी माझी ठाम समजूत होती. मी खणखणीत आवाजात वाचलं. "महागाईचं निमित्त करून आमच्या ताटातली दोन बोटं भाकरी रोज चोरली जाते. चोर लांब नाही, चुलीपुढंच बसला आहे. पूर्ण भाकरी मिळेपर्यंत कुणीही पैसे देऊ नयेत." शेवटची ओळ मी जरा जोरातच वाचली.

मावशींनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "लई चांगलं वाचतीस. आवाज बी चांगलाय." आणि आत जाता जाता, "तुझं ताट ठिव माझ्यापाशी. मापाला."

दुसऱ्या दिवसापासून भाकरी काठाला टेकली. मावशी प्रत्येक भाकरी आधी ताटात टाकून बघायच्या, मग वाढायच्या. मुलींनी माझी पाठ थोपटली. वडिलांना मी पत्रकाचा फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. म्हणाले, "भाषा पक्की झाली तुझी." पत्रक कुणाविरुद्ध आहे, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आठवड्याभरानं मी पाणी मागायला अवेळी गेले, तर मावशी पातेल्यातला गार भात खात होत्या. आमच्याकडं भात आजारी माणूस खातो.

"बरं वाटत नाही का, मावशी?"

"मला काय धाड भरलीया? रेशनचा हाय. उन्हाचा गार लागतोय."

"आणि भाकरी?"

त्यांनी भाताचा गोळा गिळला. "ज्वारी महागली, पीठ तेवढंच. तुमच्या सोळांच्या कडंकडंनं माझ्या दोन निघत व्हत्या. आता न्हाईत निघत."

आवाजात राग नव्हता.

त्या संध्याकाळी मी सगळ्या मुलींना बसवून सांगायला हवं होतं, की पैसे वाढवून देऊ, नाहीतर भाकरी लहान होऊ दे. माझी वाक्यं तयारही होती. पण जिंकलेली मागणी परत कशी घ्यायची, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी पंगतीला बसले आणि दोन्ही भाकऱ्या संपवल्या. रोज संपवल्या, जून लागेपर्यंत.

जूनमध्ये ज्वारी आणखी चढली. मावशींनी चूल मोडली आणि तामलवाडीला बहिणीकडं खुरपायला निघाल्या. जाताना माझं ताट राखेनं लख्ख घासून आणून दिलं. "हे घी बाई, तुझं माप."

आम्ही कोपऱ्यावरच्या खानावळीत जायला लागलो. तिथं कूलर होता, आणि गल्ल्यावर झुपकेदार मिशांचा दणकट मालक. त्यानं पहिल्याच महिन्यात दर वाढवले, आणि चपात्या एवढ्या लहान दिल्या की चार खाऊनही पोट भरेना. मुलींनी माझ्याकडं बघितलं. मी पत्रक लिहिलं नाही. त्याला वाचता येत होतं.