सहा महिन्यांच्या सह्या

नोकरीत शेकडो पंचनामे केले आणि त्यातले बहुतेक विसरलो. पण अंधेरी पूर्वेला वरिष्ठ निरीक्षक असताना समोर आलेली पगाराची एक वही अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

सकाळी दवाखान्यातून ठाण्यात वर्दी आली होती. चाळिशीचा एक इसम औद्योगिक वसाहतीच्या फाटकाबाहेर जखमी पडलेला मिळाला, अज्ञात वाहनाची धडक, दाखल करण्यापूर्वीच मृत. दवाखान्यात आणणाराही भला माणूस: जवळच्याच गाळ्याचा मालक, वीजपॅनेलच्या पत्र्याच्या पेट्या बनवणारा. अज्ञात वाहनचालकावर गुन्हा दाखल झाला आणि कागदांवर मी सही केली. असे गुन्हे ठाण्यात येतच असतात. मी दुसऱ्यांदा विचारही केला नाही.

दुपारी ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा फोन वाजला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. म्हणाला, "तो रस्त्यावरचा नाही. गाळ्यात कामाला होता. त्याची नखं बघा." एवढं बोलून फोन ठेवला.

मी शवागारात गेलो. नखांत काळं ग्रीस घट्ट बसलं होतं. छाती दबलेली होती, पण कोपर, गुडघा, तळहात कुठेच खरचटलेलं नव्हतं. गाडीची धडक बसून रस्त्यावर आपटलेला माणूस असा नसतो. बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती. जोगेश्वरीला राहणारी, मूळची मालवणकडची. रडून झालं होतं. ती म्हणाली, "साहेब, माझो घोव रस्त्यार मरूक नाय. तो कामार होतो." सकाळी तिने स्वतः डबा भरून दिला होता.

गाळ्यावर गेलो तेव्हा मालक तयारीत होता. हा माणूस कधीमधी हमालीला यायचा, पगारावर कधीच नव्हता, असं त्याचं म्हणणं. न मागता त्याने हजेरीपट आणि पगाराची वही पुढे केली. बावीस कामगार, सहा महिने, प्रत्येकासमोर रक्कम आणि महसुली तिकिटावर सही. मेलेल्याचं नाव कुठेच नव्हतं. न मागता कागद पुढे करणाऱ्या माणसाबद्दल मला नेहमीच शंका येते, पण शंका हा पुरावा नव्हे. पंचनामा करून वही ताब्यात घेतली. कामगारांना विचारलं, तर सगळ्यांचं एकच उत्तर: "आपल्याला माहीत नाही साहेब." मशीनजवळ छताला जड साचे उचलायची साखळी लटकत होती. तिच्या शेवटच्या दोन कड्या नव्या होत्या.

वही ठाण्यात आणून तिची पानं उलटत बसलो. सहा महिन्यांचा पगार, पण शाई एकच. पानांचे कोपरे कोरे करकरीत. पगाराची वही बावीस जणांच्या तेलकट हातांखालून जाते, ती अशी राहत नाही. तरी एवढ्यावर कोर्टात उभं राहता आलं नसतं. म्हणून दुसऱ्या दिवशी एकेका कामगाराला बोलावून नमुना सह्या घ्यायला सुरुवात केली.

नववा होता साठीला आलेला एक वेल्डर. पेन धरताना त्याचं मनगट वाकडं होत होतं. मी सहज विचारलं, हात कधी मोडला? म्हणाला, फेब्रुवारीत घसरलो, दोन महिने प्लास्टर होतं. मी वहीतलं मार्चचं पान उघडून त्याच्यासमोर सरकवलं. तिथे त्याची सही होती.

"प्लास्टरमध्ये सही कशी केलीत?"

तो पानाकडे बघत राहिला. चौकशीत गप्प बसता येणं हे दम देण्यापेक्षा अवघड काम असतं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "अंगठा दिला होता साहेब. डावा."

वहीत अंगठा कुठेच नव्हता. मग हळूहळू बाहेर आलं. साचा बसवताना साखळी तुटली आणि साचा मेलेल्याच्या छातीवर आला होता. दवाखान्यातून परतल्यावर मालकाने सगळ्यांना गाळ्यात बसवून नव्या वहीत सह्या घेतल्या, आणि साखळीही त्याच तासाभरात जोडून घेतली. जो बोलेल त्याचा पुढचा पगार विसरायचा, असं बजावलं. वही कोणी लिहिली, असं मी विचारलं. तो म्हणाला, "आंटीने."

आंटी म्हणजे पगाराचं काम बघणारी बाई. जवळच्याच जुन्या गावठाणात राहणारी, ख्रिस्ती, पन्नाशी उलटलेली, विधवा. बाई माणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो, म्हणून महिला हवालदाराला घेऊन मी तिच्याकडे गेलो. तिने खुर्च्या पुसून दिल्या, पाणी दिलं आणि समोर उभीच राहिली. मी वेल्डरच्या सहीवर बोट ठेवलं. ती पाहूनच खाली बसली.

मालकाचं कारण तिच्याकडून कळलं. विम्याच्या नावाने तो दर महिन्याला सगळ्यांच्या पगारातून पैसे कापायचा आणि भरत मात्र नव्हता. कामावरचा एक मृत्यू उघड झाला असता तर ते सगळं बाहेर आलं असतं. जुनी वही त्याने तिच्यासमोर जाळली होती. तुमच्याकडे काहीच उरलं नाही का, असं मी विचारलं. तिने वेल्डरच्या सहीचं पान मिटलं. मग म्हणाली, "कच्ची वही आहे. वजाबाकी मी आधी त्यात करते. मालकाला ठाऊक नाही."

मी ती मागितली. ती उठली नाही.

"ती दिली तर मला पण धरणार का?"

खोटं बोलणं सोपं होतं. बाई, तुम्हाला काही होणार नाही, असं म्हटलं असतं तर वही दोन मिनिटांत माझ्या हातात आली असती. मी म्हणालो, "धरावं लागू शकतं. तुम्ही सांगितलंत हे मी कोर्टाला सांगेन. त्यापुढचं माझ्या हातात नाही."

ती आत गेली. दार लोटलं. हवालदार माझ्याकडे बघू लागली. आत काडी ओढल्याचा आवाज आला तर दार ढकलायचं, असं मी तिला हलक्या आवाजात सांगितलं. ती चार-पाच मिनिटं फार लांबली. दार उघडलं तेव्हा बाईच्या हातात शाळेची दोनशे पानी वही होती. दर महिन्याच्या हिशेबात तेवीस नावं होती. सतरावं मेलेल्याचं होतं. हजेरी, ओव्हरटाइम, विम्याची कपात, हातात द्यायची रक्कम. चालू महिन्याचे बारा दिवसही तिने धरून ठेवले होते.

जबाब घेताना मी तिला विचारलं, नोकरी जाईल म्हणून लिहिलंत का? ती म्हणाली, "तो विचार नंतर आला, साहेब. त्यांनी सांगितलं आणि मी लिहायला बसले. सव्वीस वर्षं तेच केलं."

मालकाला त्याच संध्याकाळी अटक झाली. नखं बघा म्हणणारा कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मीही फार शोधलं नाही. बाईची नोकरी गेली. सरकारी वकिलांशी बोलून तिला आरोपी न करता साक्षीदार केलं. ते बरोबर की चूक, यावर माझ्याच सहकाऱ्यांनी माझ्याशी वाद घातला. मालवणच्या बाईला भरपाई मिळायला दोन वर्षं लागली.

खटला उभा राहिला तेव्हा मी निवृत्त झालो होतो, साक्षीला गेलो होतो. बचावाच्या वकिलांनी आंटीला विचारलं की खोटी वही तुमच्याच हस्ताक्षरात आहे ना, मग तुमच्यावर विश्वास का ठेवायचा? ती कठडा धरून म्हणाली, "हो, मीच लिहिली. म्हणून तर कोणाचं नाव गाळलं ते मला माहीत आहे."

तोवर मला वाटायचं की गुन्हा लपवायला गुन्हेगार लागतात. पण पुष्कळदा तिथे फक्त नेटकं काम करणारी, सांगितलेलं मुकाट्याने उतरवून घेणारी माणसं लागतात, आणि त्यांत ठाण्यात बसून न वाचता सही करणारा अधिकारीही येतो. अशा माणसाला दमात घेतलं तर तो आणखी एक हुकूम पाळतो, एवढंच. त्याला खरं सांगून थांबावं लागतं. मी पाच मिनिटं थांबलो होतो. माझ्या अख्ख्या नोकरीत तेवढं अवघड काम दुसरं केल्याचं आठवत नाही.