मामीची टोपी

माझ्या मामीइतकं संशयी माणूस खेड तालुक्यात औषधालासुद्धा सापडायचं नाही. मासळीवालीनं मूठभर कोलंबी जास्त टाकली, की मामी ती उजेडात नेऊन हुंगणार. एस.टी. वेळेवर आली, तर ही आपलीच ना, हे कंडक्टरला दोनदा विचारून मगच पाय वर ठेवणार. निवडणुकीआधी एका उमेदवारानं गावातल्या बायकांना एकाच रंगाच्या साड्या वाटल्या, तेव्हा मामीनं आपल्या साडीचा खिडकीला पडदा केला. "नेसली तर माझं मत भायरनं दिसंल," म्हणाली. समोरच्या उमेदवाराची साडी आली, ती दुसऱ्या खिडकीला लागली.

मामा गेले आणि तिच्या संशयाला पहिल्यांदाच खरं कारण मिळालं. देवळात गावकीची बैठक भरते, तिथे घरटी एक टोपी मोजतात. टोपीवाला पुरुष असेल त्याच घराला बोलता येतं. मामीला दोन मुली, दोघी सासरी. मामाच्या मागे तिचं घर गावकीतून कमी करायचं घाटत होतं. मग तिच्या परसातून जाणाऱ्या विहिरीच्या वाटेबद्दलसुद्धा तिला कुणी विचारणार नव्हतं.

बैठकीच्या दिवशी मामीनं मामाची पांढरी टोपी अंबाड्यावर पिना लावून घट्ट बसवली आणि ती थेट पुरुषांच्या रांगेत जाऊन बसली. मी पाहुणा म्हणून शेजारी होतो. खोटं कशाला बोलू, मला लाज वाटत होती.

"वयनी, ह्ये काय सोंग?" गावकीच्या प्रमुखांनी, गावकरांनी विचारलं.

"सोंग कसलं? घरटी एक टोपी ना? मोजा."

बाहेर पायरीवर बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. ज्यांचे नवरे मुंबईला असतात अशा तिघी मात्र हसता हसता उठल्या, घरी गेल्या आणि टोप्या घालून परत आल्या. चौथी निघाली तेव्हा गावकरांनी हात जोडले. "ऱ्हाऊ दे. टोपीबिपी काय नको. वयनी, तुमचं म्हणणं काय, सांगा."

मामी विहिरीच्या वाटेबद्दल चार वाक्यं बोलली. टोपी काढली नाही ती नाहीच.

"एवढ्यात कसं मानलानी? काय तरी डाव असंल," परतताना ती म्हणाली. मला हसू आलं, पण ते पुरतं बाहेर पडलं नाही. चाळीस वर्षं त्या गावात नांदलेल्या बाईला असं कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं.

दारात तिनं मला थांबवलं. "गावकर काय बोलले, परत सांग बघू."

मी सांगितलं.

मामीनं डोळे पुसले आणि ती हळूच म्हणाली, "मलाच इचारलानी ना, नक्की?"